वापरलेल्या शिडाच्या होडीची पारख

नौकानयन शिकू पाहणाऱ्याने पहिली होडी वापरलेली घ्यावी हे रास्तच आहे, परंतु किंमत आणि रंगरूप यांच्याआधी ती एखाद्या प्रस्थापित वर्गातली आहे की नाही हे पाहणे आवश्यक ठरते. वर्ग म्हणजे एकाच आराखड्यावरून, ठरलेल्या मोजमापांनी बांधलेल्या होड्यांचा समूह. अशा होडीची डोलकाठी मोडली किंवा सुकाणू हरवले तरी दुसरे मिळते, तर हौसेने घरी बांधलेल्या एकुलत्या होडीचा प्रत्येक भाग नव्याने घडवावा लागतो.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर असे अनेक वर्ग रूढ झाले. जॅक होल्ट यांनी 1956 मध्ये आखलेली, 4.04 मीटर लांबीची आणि दोन माणसांनी चालवायची ‘एंटरप्राइज’ भारतातही परिचित आहे. इयान प्रॉक्टर यांची ‘वेफेरर’ तिच्याहून मोठी आणि स्थिर. फ्रँक डाय यांनी तिच्यातून 1963 मध्ये आइसलँड गाठले, मात्र त्या धाडसाचे श्रेय होडीइतकेच त्यांच्या कौशल्याला आहे, आणि हीच जड होडी काठावर ओढून आणणे दोघांनाही कष्टाचे जाते, हे शिकाऊ खरेदीदाराच्या सहसा ध्यानात येत नाही. एकट्याने शिकणाऱ्यासाठी ब्रूस कर्बी यांची 4.23 मीटरची ‘लेझर’ सोयीची, कारण तिच्या एकाच अंगावर 7.06, 5.76 किंवा 4.7 चौरस मीटरचे शीड चढवता येते. हलक्या वजनाच्या व्यक्तीने लहान शिडापासूनच आरंभ करावा.

खरी परीक्षा होडीच्या अंगाची असते. लेझरच्या डोलकाठीला आधाराच्या तारा नसतात, त्यामुळे वाऱ्याचा सगळा ताण ती ज्या खोबणीत उभी राहते त्या खोबणीवर येतो. या खोबणीत पाणी भरून, पातळीची खूण करून काही वेळ थांबावे. पाणी उतरले तर ते होडीच्या पोकळ अंगात झिरपत आहे, असे समजावे. वरचा पृष्ठभाग फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये फोम भरून केलेला असतो. टाचेखाली तो दबत किंवा करकरत असेल, तर थर सुटले आहेत, आणि ही दुरुस्ती रंगाने झाकता आली तरी टाळता येत नाही. प्लायवूडच्या जुन्या होड्यांत सेंटरबोर्डच्या, म्हणजे होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून खाली सोडायच्या फळीच्या, पेटीभोवती लाकूड काळे पडून मऊ झाले आहे का हे पाहावे.

शिडाकडे दुर्लक्ष होते, ही खेदाची गोष्ट आहे. कापड जुने होऊन ताणले गेले की शिडाचा फुगवटा मागे सरकतो, होडी पुढे जाण्याऐवजी कलत राहते आणि शिकणारा तो दोष स्वतःचाच मानतो. म्हणून नव्या शिडाचा खर्च सौद्याआधीच किमतीत धरावा.

शेवटी होडी शांत, उथळ पाण्यात नेऊन मुद्दाम उलटवावी, सरळ करावी आणि काठावर आणून हवाबंद कप्प्यांची बुचे उघडावीत. त्यांतून धार लागली, किंवा विकणारा या चाचणीलाच तयार नसला, तर भावाची बोलणी सुरू करण्याचे कारण उरत नाही.