जमाखर्चाची विद्या

हिशेबाच्या वहीविषयीं कोणी प्रेमानें बोललेलें मीं फारसें ऐकलेलें नाहीं. कवीला ती रुक्ष वाटते, पंडिताला क्षुद्र वाटते, आणि व्यापाऱ्याला तिची भीति वाटते. म्हणूनच जमाखर्चाला विद्यापीठांत मानाचें आसन मिळवून देणारे, आणि तसें करतांना कारखान्याशीं नातें न तोडणारे एक जर्मन अध्यापक मला मोठे जवळचे वाटतात. त्यांचें नांव ऑयगेन श्मालेनबाख.

१८७३ सालीं जन्मलेले श्मालेनबाख प्रथम वडिलांच्या लहानशा कारखान्यांत राबले. १८९८ मध्यें लाइपझिग येथें व्यापारी उच्चशिक्षणाची नवी संस्था निघाली, तेव्हां तिच्या पहिल्याच तुकडींत ते दाखल झाले. पुढल्याच वर्षीं धातुधंद्याच्या एका पत्रांत त्यांनीं लिहिलें, कीं कांहीं खर्च मालाबरोबर वाढतो, कांहीं मात्र यंत्र थंड पडलें तरी चालूच राहतो. तेव्हां हा दुसरा खर्च प्रत्येक नगावर सरसकट लादूं नये.

माझ्या ओळखीचे एक छापखानदार होते. मंदीच्या दिवसांत कमी दराचें काम आलें, कीं ते म्हणत, "कागद, शाई, मजुरी सुटून चार रुपये भाड्याला उरतात ना? मग घ्या काम!" श्मालेनबाखांचें नांव त्यांनीं कधीं ऐकलें नव्हतें. पण असला दर रोजच सर्वांना दिला, तर भाडें भरावयाचें कशांतून? छापखानदाराच्या शहाणपणाला नियम आणि मर्यादा सांगणारा कोणी तरी लागतो. तें काम अध्यापकाचें.

१९०६ सालीं कोलोन येथें प्राध्यापक झालेल्या श्मालेनबाखांनीं तें पत्करलें. १९११-१२ च्या सुमारास या विषयाच्या स्वरूपावरून वाद पेटला. शुद्ध शास्त्राचे अभिमानी म्हणत, अध्यापकानें केवळ जाणावें. कसें करावें हें सांगूं नये. श्मालेनबाख म्हणत, हें शास्त्र कृतीचें आहे आणि व्यवहार हीच त्याची कसोटी. ही भूमिका दिसते तितकी सोपी नाहीं. ग्रंथांतली चूक ग्रंथांतच राहूं शकते. कारखान्यांतली चूक मजुराच्या चुलीपर्यंत पोंचते.

१९२७ सालीं त्यांनीं खात्यांची एक क्रमवार मांडणी सुचविली. एका कारखान्याला आपला खर्च दुसऱ्याच्या खर्चाशीं ताडून पाहतां यावा, हा तिचा हेतु. पुढें १९३३ मध्यें हिटलर सत्तेवर आला. श्मालेनबाखांच्या पत्नी ज्यू होत्या. त्याच वर्षीं त्यांनीं अध्यापनांतून निवृत्ति घेतली. आणि १९३७ मध्यें त्याच राजवटीनें त्यांच्याच मांडणीच्या आधारानें उद्योगांवर हिशेबाची ठराविक पद्धति लादली! १९४४ सालीं तर या पतिपत्नींना एका जुन्या सहायकाच्या घरीं लपून राहावें लागलें.

व्यवहारांत उतरलेली विद्या कर्त्याच्या मुठींत राहत नाहीं. वही आपल्या धन्याची नीति तपासत नाहीं. मग ती विद्या ग्रंथालयाच्या कपाटांत कुलपांत ठेवावी काय? तसें केलें तर जुलमी सत्तेचें फारसें अडणार नाहीं; अडेल तें छापखानदाराचें. श्मालेनबाखांनाहि तसें वाटलें नसावें. युद्ध संपल्यावर, वयाची सत्तरी उलटून गेली असतांहि, ते कोलोनला पुन्हां शिकवूं लागले.