द्वादशी बार्शीची

आषाढी एकादशी पंढरपुरात आणि द्वादशीचे पारणे बार्शीला भगवंताच्या दारी, असा आईचा जुना नवस होता. सौ. मुंबईची. तिने भाबडेपणाने विचारले, "आई, बार्शीत पाहण्यासारखे काय आहे हो?"

"चल तर खरी," एवढेच आई म्हणाली.

कुर्डुवाडीला गाडी बदलली आणि आईचा चेहरा उतरला. "ही कसली मेली मोठी गाडी! आमची बार्शी लाईट कुठे गेली?"

वाचकहो, या लाईटची कथा ऐकण्यासारखी आहे. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग बार्शीला बगल देऊन गेला होता. तेव्हा एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने 1897 साली कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीचे रूळ टाकले. त्याची युक्ती साधी होती. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही. त्यामुळे रूळ हलके, खर्च बेताचा, आणि धान्याची पोती व वारकरी मात्र पोटभर! पाहता पाहता ही चिमुकली गाडी 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. बार्शीचा अनुभव गाठीशी बांधून कॅल्थ्रॉपने इंग्लंडातही लीक आणि मॅनिफोल्डच्या खोऱ्यात तशीच गाडी बांधली; ती 1904 साली सुरू झाली. विलायतेने बार्शीचा कित्ता गिरवला, असे म्हणायला हरकत नाही!

वेल्समध्ये तळ्याच्या काठी बाला नावाचे छोटे गाव आहे. तिथली मोठी गाडी 1965 साली बंद पडली. पण जुन्या वाटेवर 1972 पासून छोटी गाडी धावू लागली, आणि तीत बसायला आता दूरदूरचे प्रवासी येतात. आपल्याकडे उलटे झाले. 2008 पर्यंत कुर्डुवाडी ते लातूर सगळा मार्ग रुंद झाला आणि छोटी गाडी गेली. सोय झाली, यात शंका नाही. पण आई खिडकीतून बाहेर बघत गप्प बसून राहिली.

स्टेशनातून थेट भगवंताच्या देवळात गेलो. हेमाडपंती बांधणीचे हे देऊळ 1245 सालचे सांगतात. आत काळ्या पाषाणाची विष्णूची मूर्ती. तिच्याजवळ भक्त अंबरीष आणि पाठीशी लक्ष्मी. द्वादशीचे पारणे चुकू नये म्हणून अंबरीष राजाने नुसते पाण्याचे आचमन घेतले आणि दुर्वास कोपले. त्या संकटात देव भक्तामागे उभा राहिला, ती ही कथा. बार्शी हे नावच या बारशीवरून पडले, असे इथले लोक मानतात. 1760 साली पेशव्यांनी या देवस्थानाला सनद दिली होती.

दर्शन झाले, पारणे फिटले. बाजारातून तूरडाळ आणि कडक भाकरी घेतली. आता परतायचे, तोच आई म्हणाली, "मला ते कॅन्सरचे इस्पितळ बघायचे आहे."

मला एकदम आत्या आठवली. ती भूम तालुक्यात दिलेली. चार मुलांची आई. अंगावरून जाते, हे तिने लाजेपायी वर्षभर कुणाला सांगितले नाही. अखेर बैलगाडीने बार्शी, तिथून लाईटने कुर्डुवाडी आणि मोठ्या गाडीने मुंबई. तिला गाडीत चढवायला आईच आली होती. आत्या परत आली नाही.

आज बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. टाटा रुग्णालयाच्या साहाय्याने 1987 साली इथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या खेड्यापाड्यांत कार्यकर्ते हिंडू लागले. दुखणे लपवू नका, असे घरोघर सांगू लागले. पुढे 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठी पाहणी झाली. तीत तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया होत्या. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग ज्या विषाणूने होतो, त्याची एकदाच तपासणी केली, तरी त्या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात, असे तीत आढळले. 2009 साली हा निष्कर्ष अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभरच्या डॉक्टरांनी त्याची दखल घेतली. ज्या मुलखातून आत्या गेली, त्याच मुलखातल्या बायकांनी जगाला हा धडा दिला!

रुग्णालयाच्या आवारात बाकावर लुगड्यातल्या, साडीतल्या बायका बसल्या होत्या. कुणी शेंगा सोलत होती, कुणी नातवंडाला थोपटत होती. आईने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिले. मग पिशवीतला भगवंताचा प्रसाद काढून एकेकीच्या हातावर ठेवला आणि सौ.कडे वळून विचारले, "सूनबाई, तू कधी तपासून घेतलेस का गं?"

सौ. काहीच बोलली नाही. बार्शीत पाहण्यासारखे काय, हा प्रश्नही तिने पुन्हा विचारला नाही. मुंबईला परतल्यावर पहिल्याच सोमवारी ती आपणहून दवाखान्यात जाऊन आली. संध्याकाळी डब्यातली बार्शीची डाळ शिजायला टाकताना म्हणाली, "आईंना पत्र टाका. म्हणावे, सगळे ठीक आहे."