राखण

मराठी भाषा मी गेली 21 वर्षे महाविद्यालयात शिकवते आहे. परंतु तिचा एक स्वभाव माझ्या ध्यानात आला तो वर्गात नव्हे, तर स्वतःचे वजन 33 किलोंनी उतरल्यावर. अंगाने भरलेल्या माणसाविषयी आपली भाषा फार मायेने बोलते. तो ‘खाऊनपिऊन सुखी’ असतो, त्याची ‘तब्येत सुधारलेली’ असते, त्याला ‘बाळसे धरले’ म्हणतात. उलट कोणी बारीक झाले, की ते वाळते, खंगते, हडकते! मी 104 किलोंची होते तेव्हा साताऱ्याच्या मोती चौकात मला थांबवून कोणी कधी चौकशी केली नाही. 71 वर आले आणि पेढ्यांच्या दुकानासमोर एका ओळखीच्या बाईंनी माझा हात हातात घेऊन विचारले, “अगं, किती वाळलीस! घरी सगळं ठीक आहे ना?”

घरी सगळे ठीक होते. किंबहुना ते ठीक राहावे म्हणूनच हा खटाटोप होता. माझी आई मधुमेहाने गेली. शेवटची तीन वर्षे तिला दिसत नव्हते, मी आले की ती माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवी आणि “जेवलीस का?” असे विचारी. मला 37 व्या वर्षी तोच आजार जडला. तुम्हीआम्ही अंगाने बेताचे दिसलो तरी आतून चरबी बाळगून असतो, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली मोठ्या गमतीदार रीतीने दाखवून दिले. त्यांनी स्वतःचे आणि आपले इंग्रज मित्र डॉ. यडकिन यांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण यडकिन यांच्या अंगात चरबी 9 टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात 21 टक्के! दिसायला सडपातळ माणसांची ही कथा, तर माझी काय सांगावी?

चार वर्षांपूर्वी पुण्यात माझी शस्त्रक्रिया झाली. जठराचा सुमारे तीनचतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी एक अरुंद नळी मागे ठेवतात. भुकेची वर्दी मेंदूला देणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यत्वे त्या काढलेल्या भागात तयार होते, त्यामुळे पोट लहान होते तशी भूकही काही काळ मवाळ होते. 2011 साली श्री. नितीन गडकरी यांनी वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया करून घेतल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. ती वाचताना, सदा दौऱ्यावर असणारा हा माणूस पुढे जेवणाचे कसे जमवत असेल, असा विचार माझ्या मनात आला होता. त्या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाच शोधावे लागेल, हे मात्र तेव्हा स्वप्नातही नव्हते.

वजन उतरले. दीड वर्षात उतरले. साखरेच्या गोळ्या सुटल्या. लोकांनी अभिनंदन केले आणि सगळ्यांना वाटले, संपली गोष्ट. खरी गोष्ट तिथून सुरू होते. स्वीडनमध्ये 1987 पासून अशा रुग्णांचा मोठा पाठपुरावा झाला आहे. बायपास पद्धतीची शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन पहिल्या एकदोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरले होते. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा घट 25 टक्क्यांची उरली होती. म्हणजे पुष्कळसे टिकले, पण काही परतले. उतरलेले शरीर कमी इंधनावर चालायला शिकते आणि गेलेले वजन परत मागत राहते. हा त्याचा लबाडपणा नव्हे. दुष्काळातून पिढ्या जगवलेल्या शरीराचा तो जुना शहाणपणा आहे. हल्ली वजनाची इंजेक्शनेही निघाली आहेत. परंतु ती बंद केली की उतरलेले पुष्कळ वजन परत येते, असे पाहण्यात आले आहे. उपाय कोणताही करा, राखण चुकत नाही.

साताऱ्यात राहणाऱ्याला हे समजायला अवघड जाऊ नये. आमच्या डोक्यावरच अजिंक्यतारा उभा आहे. 1699 च्या डिसेंबरात औरंगजेबाने त्याला वेढा घातला. प्रयागजी प्रभूंनी तो सुमारे साडेचार महिने झुंजवला. 1700 च्या एप्रिलात किल्ला पडला. बादशहाने त्याला ‘आझमतारा’ असे नावही दिले. पण थोड्याच वर्षांत किल्ला पुन्हा मराठ्यांकडे आला आणि 1708 च्या जानेवारीत साताऱ्यात शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला. जिंकणे हा एका मोसमाचा पराक्रम; राखणे हा बारमाही धंदा. शस्त्रक्रियेने मी माझा गड घेतला, एवढेच. नाव बदलून तो माझा होणार नव्हता.

आणि राखणीला माझ्याजवळ माणूसबळ किती? तर मी एकटी, आणि तीही दमलेली. घर साताऱ्यात, नोकरी सांगलीत. सोमवारी पहाटेची एसटी. कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा असे करीत तीन तासांनी सांगली गाठायची आणि धापा टाकीत पहिल्या तासाला उभे राहायचे. विश्रामबागेत एक खोली घेतली आहे. शनिवारी संध्याकाळी पुन्हा सातारा. मधल्या दिवसांत तास, ‘नॅक’च्या फायली, सभा, संमेलने, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. रविवारी घरचा साठलेला आठवडा. शस्त्रक्रियेनंतर आहारतज्ज्ञ बाईंनी मला छापील कागद दिला होता: सावकाश जेवा, नीट चावा, जेवताना पाणी पिऊ नका, ते अर्ध्या तासाने घोटघोट घ्या, आधी प्रथिने खा, पुरेसे झोपा, रोज चाला. कागद उत्तम होता. फक्त तो ज्या बाईसाठी छापला होता तिला नोकरी नव्हती असे दिसले! आमची मधली सुट्टी 20 मिनिटांची, आणि तीत विद्यार्थ्यांच्या सह्याही करायच्या.

शिक्षकांच्या खोलीत अर्थातच सल्ल्यांचा तुटवडा नसतो. तिथे दोन पंथ आहेत. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा: दिवसातून दोनदाच जेवा, तेही 55 मिनिटांच्या आत. दुसरा ऋजुता दिवेकरांचा: थोडे थोडे, पण वेळच्या वेळी खा. दोन्ही पंथांचे अनुयायी भडंगाच्या एकाच पुड्यात हात घालून हिरिरीने वाद घालतात. माझे जठर केळ्याएवढे. एका बैठकीत फार मावत नसल्याने दिवसाचे चार लहान भाग करणे मला भागच होते. पण काय खावे यापेक्षा माझा प्रश्न निराळा होता. ते केव्हा ठरवावे, हा!

थकवा माणसाला आळशी करतो असे आपण समजतो. माझा अनुभव असा, की थकवा प्रथम माणसाची निवड हिरावून घेतो. रात्री साडेआठला खोलीचे कुलूप उघडणाऱ्या बाईला ‘काय खाऊ?’ हा प्रश्न विचारणेच निर्दयपणाचे आहे. ती बिस्किटांचा पुडाच उघडणार. शिवाय झोप अपुरी झाली की भूक वाढते, आणि ती गोडाकडे धावते. त्यातून या लहान जठराची एक खोड आहे. ते भाकरीला, उसळीला, चिकाटीने अडवते. दोनचार घासांत ‘पुरे’ म्हणते. पण पेढा, आइस्क्रीम, चहात बुडवलेले बिस्किट यांना ते अडवत नाही. मऊ आणि गोड जिन्नस त्यातून सहज घसरतात. म्हणजे मुख्य दरवाजावर कडेकोट बंदोबस्त आणि चोरवाट मोकळी!

म्हणून मी एकच सूत्र धरले: दमलेल्या माणसाने निर्णय घेऊ नये, आधी घेतलेला निर्णय फक्त पाळावा. माझे सगळे निर्णय रविवारी दुपारी होतात, पोट शांत आणि डोके जागेवर असताना. मटकीला आणि मुगाला मोड आणून डब्यात भरायचे. चणे-फुटाणे, अंडी, पनीर, कुळथाचे पीठ यांची आठवड्याची सोय लावायची. सोमवारच्या एसटीत डबा आणि पाण्याची बाटली निरनिराळ्या पिशव्यांत. म्हणजे घासाबरोबर घोट जात नाही. मधल्या सुट्टीत उसळ आधी. भाकरीची चतकोर राहिली तर राहिली. खोलीवर बिस्किटांचा पुडाच ठेवायचा नाही. रात्री कुळथाचे पिठले पाच मिनिटांत होते आणि त्यात काही ठरवावे लागत नाही. ब-12 आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या दात घासायच्या ब्रशाशेजारी, कारण लहान जठराला अन्नातून ही द्रव्ये पुरेशी मिळत नाहीत आणि त्या जन्मभर घ्याव्या लागतात. चालण्याला स्वतंत्र तास मिळत नाही. मग स्थानकावर गाडीची वाट बाकावर बसून पाहायची नाही, येरझारा घालीत पाहायची. प्रवासी मला कंडक्टर समजून वेळापत्रक विचारतात. आता ते मला पाठ आहे.

दुसरा धडा सांगलीने दिला. सांगलीकर पावसाळ्यात पावसाविषयी बोलत नाहीत; ते फुटांविषयी बोलतात. 1929 साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजली जाते. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेले तेव्हा अर्धे शहर पाण्यात होते. त्यामुळे “किती फूट झालं?” हा तिथला कुशलप्रश्नच आहे. पाणी वाढले म्हणून नदीवर कोणी रागावत नाही, आणि स्वतःला दूषणेही देत नाही. इशाऱ्याला सामान माडीवर हलवतात, धोक्याला माणसे.

मी माझ्या काट्यावर अशाच दोन रेघा ठरवल्या. 73 ला इशारा, 75 ला धोका. वजन बुधवारी सकाळी एकदाच करायचे. मागच्या उन्हाळ्यात विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका आणि नॅकची भेट एकाच महिन्यात आली. मध्यरात्रीपर्यंत जागरणे झाली आणि काटा 73 वर जाऊन उभा राहिला. उपासतापास केले नाहीत. त्याने माझे स्नायू झडले असते आणि रागही वाढला असता. सामान माडीवर हलवले, इतकेच. साडेदहाला गठ्ठा बंद, दिवा बंद. खाल्लेले तीन आठवडे वहीत लिहिले. दोन महिन्यांनी पाणी उतरले. उद्या 75 झाले तर सरळ पुण्याला डॉक्टरांकडे जाईन. त्यात लाज कसली? पूर आला म्हणून सांगलीकर तोंड लपवतात का?

राहता राहिला आग्रह. आपल्या भाषेत ‘वाढणे’ हे क्रियापद दोन अर्थांचे आहे. ताटात वाढतात आणि अंगानेही वाढतात. पहिले प्रेमाने केले की दुसरे ओघाने येते. माझ्या सासूबाईंनी मला लग्नापासून प्रेमाने वाढले. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष त्यांना फार जड गेले. मी अर्धी पोळी खाऊन उठले की त्या ताटाकडे पाहत राहत. एकदा म्हणाल्या, “तुझं पोट कापलं ते कापलं, आता मी तुझ्यासाठी करू तरी काय?” त्या प्रश्नापुढे माझ्या सगळ्या कोष्टकांचे काही चालेना. त्यांची दुसरी कोणती भाषाच नव्हती. मी म्हटले, “आई, रविवारी माझ्याबरोबर मटकी निवडाल का?”

आता रविवारची मटकी त्यांची. मोड किती आले यावरून त्यांचा आठवडा ठरतो. मध्यंतरी त्यांनी माझ्यासाठी एक चांदीची वाटी काढून दिली, त्यांच्या नातवाच्या उष्टावणाची. “हीत मावेल तेवढंच घे. भरलेली वाटी बघितली म्हणजे मला बरं वाटतं.” वाटी लहान, पण भरलेली. आहारतज्ज्ञांच्या छापील कागदात ही युक्ती नव्हती.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत तुमच्या घरी फराळाला कोणी वाळलेले, हडकलेले माणूस आले, तर एवढे करा. ताट नको, वाटी पुढे ठेवा. चकलीचा एक तुकडा, करंजीची एक कड. एकदा विचारा, त्याने ‘पुरे’ म्हटले, की ते पुरे समजा. त्या एका शब्दासाठी त्याने आठवडाभर पहारा केलेला असतो. वाटेल तितके वाढायची हौस असेल, तर त्याला गप्पा वाढा. त्यांना माझ्याही जठरात जागा आहे.