वंशवृक्षाच्या तासाला आलेला प्रश्न

नववीला आनुवंशिकतेचा धडा चालू होता. कानाची पाळी, कुरळे केस, मेंडेलचे वाटाणे. शेवटच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "सर, पप्पांचा आजार मला पण होईल का?"

वर्ग एकदम शांत. तिचे पप्पा अडतीस वर्षांचे, इथेच पिंपरी पेंढारला कांदा-टोमॅटो करतात. शौचातून रक्त जायचं. 'मूळव्याध असेल' म्हणत वर्षभर मलम आणि झाडपाला झाला. शेवटी दुर्बिणीने तपासलं, तर मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला.

"उद्या सांगतो," एवढंच म्हणालो. रात्री वाचलं, डॉक्टर मित्राला फोन केला.

दुसऱ्या दिवशी वह्यांचंच उदाहरण घेतलं. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, तुम्ही फळ्यावरून उतरवता तशी. त्यात चुका होतात. त्या दुरुस्त करणारे 'मास्तर' म्हणजे एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही जनुकं. प्रत्येकाच्या दोन प्रती असतात. एक प्रत जन्मतःच बिघडलेली असली आणि पुढे एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली, की चुका साचत जातात. जन्मतः असलेल्या या दोषाला लिंच सिंड्रोम म्हणतात. तो आई किंवा वडिलांत असेल, तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता ५० टक्के. आला तरी कर्करोग होतोच असं नाही. आणि तरुण वयातल्या बहुतेक रुग्णांत असा वारशाचा दोष सापडतही नाही.

"म्हणजे आधी पप्पांची तपासणी?" तिने बरोबर ओळखलं. आधी गाठीच्या तुकड्याची, मग रक्ताची. दोष सापडला तर तिला सध्या काही करायचं नाही; मोठी झाल्यावर जनुक तपासणी, आणि दोष आलाच असेल तर साधारण २०-२५ व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीने तपासणी. खरी घाई तिच्या काकांना.

पण घरी आजी म्हणाली, "गावात कळलं तर पोरीचं लग्न कसं जमायचं?" काका म्हणाले, "मला काय झालंय?"

मी दोनदा घरी गेलो. मुंबईत टाटा मेमोरियलला यासाठी जेनेटिक क्लिनिक आहे, हे सांगितलं. तिसऱ्यांदा काका स्वतः आले, "मास्तर, नाव कुठं नोंदवायचं?"

पालकांनो, घरचा वंशवृक्ष एकदा काढा. कुणाला कोणता कर्करोग, कितव्या वर्षी, एवढं लिहा. तो वर्गात दाखवायला नाही, डॉक्टरांना दाखवायला. आणि रक्त दिसलं तर वय कितीही असो, मूळव्याध आहे हे डॉक्टरांना ठरवू द्या.