चाचांची बाकी

वाळूजच्या कंपनीत नोकरी पक्की झाल्यावर मी जुनी पोलो जीटी टीएसआय घेतली. चाकणला तयार झालेली ही गाडी २०१३ साली बाजारात आली. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद, अंगाने आटोपशीर. ज्यांना खरी दोन सीटची स्पोर्ट्स कार परवडत नाही त्यांची हौस हीच गाडी भागवते. आधीच्या हौशी मालकाने आखूड स्प्रिंगा घालून ती खाली बसवली होती आणि सतरा इंची चाकांवर पातळ टायर चढवले होते. फोटोत देखणी दिसायची. मला मात्र तिच्यातून रोज वैजापूर-गंगापूर रस्त्याने कामावर जायचं होतं. आईला मणक्याचा त्रास, एकदा बसली आणि म्हणाली, "यापेक्षा एसटी बरी."

आमच्याकडे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. वरचं डांबर मग सपाट राहत नाही. मध्ये लांब लाटा पडतात, कडा तुटतात. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या उरलंसुरलं काम पुरं करतात.

स्टेशन रस्त्यावरच्या चाचांकडे गेलो, ते केवळ वडील त्यांची जीप तिथे नेत म्हणून. चाचांचा जन्म जीप, पिकअप आणि ट्रॉल्यांचे पाटे बदलण्यात गेलेला. पोलो बघून ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला, मग चाकाच्या आत बॅटरी मारली. "मास्तरांच्या पोरा, तुझी गाडी स्प्रिंगवर नाही, रबरावर चालतीय."

खरंच होतं. आखूड स्प्रिंगमुळे चाकाला वर यायला जागाच उरली नव्हती. प्रत्येक खड्ड्यात स्ट्रट बंप स्टॉपच्या रबरावर आपटत होता. वर स्प्रिंग कडक आणि शॉकअप जुने, म्हणजे उसळी आवरणारं कोणी नाही. स्प्रिंग वजन पेलते, ती हेलकावे थांबवत नाही. ते काम शॉकअपचं. पुस्तकातलं हे वाक्य मला पाठ होतं. चाचांनी ते हाताने दाखवलं.

माझ्या डोक्यात जर्मन बिल्स्टाइन होते, त्यातही आखूड स्प्रिंगांसाठीचे बी ८. चाचांना ते नाव माहीत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "चाक वर किती येणार, खाली किती जाणार?" त्या प्रश्नावर बी ८ बाद झाले. कंपनीच्या मूळ उंचीच्या स्प्रिंगा आणि त्यांच्याबरोबर चालणारे बी ६ ठरले. या शॉकअपच्या एकाच नळीत तेलाच्या मागे दाबाखालचा नायट्रोजन असतो, त्यामुळे सलग खडबडीत रस्त्यावरही तेलाला फेस येत नाही आणि पकड सुटत नाही. चाकं पुन्हा पंधरा इंची, टायर १८५/६०. टायरच्या भिंतीची उंची २०५/४० मध्ये ८२ मिलिमीटर होती, ती १११ झाली. आईच्या मणक्याला यातलं काय जास्त मानवलं, शॉकअप की रबर, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

पण खरं देणं आहे ते बुशचं. लोअर आर्मचे बुश फाटले होते, नवे बसवले. शहरात हे काम मी पाहिलं होतं: गाडी वर, चाकं लोंबकळलेली, बोल्ट आवळून मोकळे. चाचांनी बोल्ट फक्त हाताने फिरवले, गाडी खाली घेतली, चार चाकांवर उभी केली, पोरांना आत बसवून दोन-तीनदा हलवली आणि मग स्वतः खड्ड्यात उतरून, गाडीचं वजन चाकांवर असताना बोल्ट आवळले. लोंबकळत्या आर्मवर बोल्ट आवळला, की गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. वयाच्या सत्तरीत, गुडघे दुखत असताना, ते त्यासाठी खड्ड्यात उतरले. मजुरी मात्र नेहमीचीच.

११ डिसेंबर २०२२ ला शिर्डी-नागपूर समृद्धी महामार्ग सुरू झाला, तेव्हापासून गावातली पोरं गाडी बघायची म्हटलं की जांबरगावला चढतात. मीही तेच सुचवलं. चाचा म्हणाले, "तिथं कुठलीपण गाडी चांगलीच वाटती. गंगापूर रोडला घे." आणि पुढे न बसता मागे, आई बसते त्याच जागी बसले. येताना मागच्या टायरची हवा थोडी कमी करायला सांगितली. बस्स.

एवढ्याचे पैसे कसे मोजायचे? वडिलांनी चाचांच्या थोरल्या मुलाला दहावीला गणित शिकवलं होतं, तेव्हा चाचांनी फी विचारली आणि वडिलांनी घेतली नव्हती. चाचांनी माझ्याकडून जादा मजुरी न घेणं त्याच वहीत मांडलं असावं, असा माझा संशय आहे. पुढे धाकट्याच्या लग्नात नवरदेवाला माझ्या पोलोतून न्यायचं ठरलं. चाचांनी मागे चौघं बसवली, शिवाय डिकीत डेग. एका बाजूची लिंक रॉड वाजायला लागली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ती बदलली आणि पार्टचे पूर्ण पैसे माझ्याकडून मोजून घेतले.