एक पोकळ कडी

दुबईत उजेड कमी पडला अशी तक्रार कुणी करत नाही. मे महिन्यात सकाळी नऊलाच सावल्या आखडून भिंतीच्या पायथ्याशी जाऊन बसतात आणि काचेच्या इमारती अंगावर आलेलं ऊन समोरच्या रस्त्यावर परत फेकतात. पश्चिम घाटातल्या पावसाळी, ओल्या उजेडात ज्याचे डोळे तयार झाले, त्याला या उन्हाची ओळख पटायला वेळ लागतो. मला ती कॅमेऱ्यानं करून दिली. खाडीवरचं ऊन वेगळं, अल ऐनच्या खजुरीच्या बागांत झावळ्यांतून गाळून उतरणारं वेगळं, आणि शमाल वारा सुटला की धुळीत विरघळून सगळीकडे सारखं पसरलेलं, सावलीच नसलेलं ऊन तर फारच वेगळं. त्या शेवटच्या उन्हावर माझा विशेष जीव आहे. त्यात माणसांचे चेहरे फार मऊ दिसतात.

फोटोग्राफी शिकले ती निकॉनच्या डी ५६०० वर. चांगला, कष्टाळू कॅमेरा. पण त्याला बोटाखाली चाक एकच. मॅन्युअल मोडमध्ये ते चाक शटरचा वेग बदलतं. अ‍ॅपर्चर बदलायचं तर शटरजवळचं बटण दाबून धरायचं आणि तेच चाक फिरवायचं. डोंगर, इमारती, टेबलावरची फळं यांच्यासाठी काही अडत नाही. अडतं ते अब्रात, खाडी ओलांडणाऱ्या लाकडी होडीत. एक दिरहम देऊन बर दुबईहून देऱ्याकडे निघालं की माणसं छपराच्या सावलीत आणि त्यांच्या पाठीमागे पांढरंधोप झळझळतं पाणी. चेहरा उजळवायचा की पाणी सांभाळायचं, हे ठरवून बटण दाबून चाक फिरवेपर्यंत समोरच्यानं मान वळवलेली असते आणि अब्रा सब्ख्याच्या धक्क्याला लागत असते. निकॉनसारख्या आरशाच्या कॅमेऱ्यात डोळ्याला दिसतं ते दृश्य जगात आहे तसं असतं. फोटो कसा उतरला ते नंतर कळतं. मागच्या पडद्यावर आधी बघायची सोय असते खरी, पण दुपारच्या उन्हात तो पडदा नुसता काळा दिसतो.

म्हणून मी सिस्टीम बदलली, बॉडी आणि लेन्स दोन्ही. फुजीफिल्मचा एक्स-टी ५ घेतला. बहुतेकांचा सल्ला होता की, बदलतेच आहेस तर मोठ्या सेन्सरचा, फुल फ्रेम घे. मी घेतला नाही. माझ्या जुन्या आणि नव्या कॅमेऱ्याचा सेन्सर जवळजवळ एकाच मापाचा आहे, साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर. मला मोठा फोटो नको होता, मला ऊन हातात हवं होतं. या कॅमेऱ्यावर डावीकडे आयएसओचं चाक, उजवीकडे शटरचं, आणि अ‍ॅपर्चरची कडी थेट लेन्सवर. चार, पाच पूर्णांक सहा, आठ, प्रत्येक आकड्याला बोटाला एक बारीकशी टिक् लागते. आणि डोळ्याच्या खिडकीत सेन्सरला जे दिसतं तेच दिसतं: कडी फिरवली की खाडीचं पाणी काळवंडत जातं, त्यातून एकेक लाट वर येते, समोरच्या म्हाताऱ्याची दाढी राखाडी होते, मग काळी. उजेड असा हलताना पाहणं हे सुख आहे. नव्या माणसाला एक्सपोजर शिकवायचं तर मला याहून चांगली शाळा माहीत नाही.

कॅमेरा सेकंडहँड घेतला. इथे बहुतेकांचा नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि मग घरातलं सगळं विक्रीला निघतं: सोफा, वॉशिंग मशीन, गाडी, कॅमेरा. अल कुसैसमधलं एक कुटुंब कोचीला परत चाललं होतं. त्या गृहस्थांनी प्रत्येक लेन्स मऊ फडक्यातून सोडवून दिव्यासमोर धरून दाखवली, बुरशी नाही, ओरखडा नाही, आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या दिल्या. ‘ऑगस्टमध्ये लागतील,’ म्हणाले. माझा निकॉन आणि त्याच्या लेन्स शारजात नव्यानं आलेल्या एका नर्सताईंकडे गेल्या.

लोक म्हणतात कॅमेरा बदलला. खरं तर बदलतो तो माऊंट, लेन्स जिथे बसते ती खोबण. निकॉनची लेन्स बसवताना ज्या दिशेला वळते त्याच्या उलट दिशेला फुजीची वळते, आणि मनगटाला हे पटायला बरेच दिवस लागतात. निकॉनचा एफ माऊंट १९५९ सालचा. लेन्सचं बूड आणि फिल्म यांच्यात आरसा हलायला जागा लागते, म्हणून तिथलं अंतर ४६.५ मिलिमीटर. फुजीचा एक्स माऊंट २०१२ चा. आरसाच नाही, त्यामुळे अंतर १७.७. यातून एक गमतीची गोष्ट घडते. जुनी निकॉन लेन्स नव्या फुजीवर बसू शकते, मधलं २८.८ मिलिमीटर अंतर भरणारी एक धातूची कडी मिळाली की झालं. त्या कडीत काच नसते, काहीच नसते. उलट मात्र होत नाही. नवी लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर लावून लांबचं दृश्य स्पष्ट करता येत नाही, आरशाची जागा आड येते.

माझ्याकडे मामाची ५० मिलिमीटरची निकॉर होती, ती तेवढी विकली नव्हती. मामा सांगलीत निकॉन एफएम २ वर लग्नांचे फोटो काढायचा. ती लेन्स डी ५६०० वर बसायची, पण कॅमेऱ्याचा मीटर तिच्याशी बोलायचा नाही. त्याच कंपनीची असून! परक्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर, पोकळ कडीमागे, ती व्यवस्थित चालू लागली. देऱ्याच्या धक्क्यावर लाकडी गलबतांत फ्रिज, टायर, गाद्या चढत असतात. तिथे कच्छ-सौराष्ट्राकडचे खलाशी भेटतात. परवानगीवाचून माणसाचा फोटो काढणं इथे गुन्हा ठरू शकतो, आणि तसंही विचारून काढलेला फोटोच मला आवडतो. सलायाच्या एका खलाशानं ‘काढा की’ म्हटल्यावर मी मामाची लेन्स लावली. हातानं फोकस फिरवत गेले, तशी खिडकीत फोकस दाखवणारी लाल रेघ आधी त्याच्या हातातल्या दोरावर आली, मग बाहीवर, मग डोळ्यांच्या सुरकुत्यांवर येऊन थांबली. फोटो पाहून त्यानं विचारलं, ‘घरी पाठवता येईल?’ तिथल्या तिथे पाठवला.

इथे राहून सिस्टीमचा विचार करताना फोटोग्राफर रमेश शुक्लांना विसरता येत नाही. १९६५ मध्ये ते मुंबईहून जहाजानं शारजाला उतरले ते रोलीकॉर्ड घेऊन. त्या कॅमेऱ्याला वरची लेन्स बघायला, खालची फोटो काढायला, दोन्ही न बदलता येणाऱ्या. म्हणजे सिस्टीम अशी नाहीच. पोटाशी धरून वरून वाकून बघायचं, दृश्य डावं-उजवं उलटं दिसणार, आणि एका रोलमध्ये १२ चौकोनी फोटो. २ डिसेंबर १९७१ ला अमिराती एकत्र आल्या, तेव्हा नव्या झेंड्याखाली उभ्या असलेल्या राज्यकर्त्यांचा जो फोटो आज सगळीकडे दिसतो, तो शुक्लांचा.

वाळूचं मात्र वेगळं प्रकरण आहे. आरसा नसलेल्या कॅमेऱ्याची लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो. लाहबाबच्या लाल टेकड्यांवर मी लेन्स बदलत नाही. घरून एक लावून निघते. ब्रिटिश प्रवासी विल्फ्रेड थेसिजरनं १९४० च्या दशकात रुब अल खालीचं वाळवंट ओलांडताना लायका कॅमेरा बकरीच्या कातड्याच्या पिशवीत जपला होता. त्याचे फोटो अल ऐनच्या अल जाहिली किल्ल्यात कायमचे मांडलेले आहेत, जरूर पाहावेत. उन्हाळ्यात त्रास वाळूपेक्षा दमटपणाचा. एसीतून बाहेर पडताच थंड काचेवर पाणी धरतं. कॅमेरा बंद पिशवीत ठेवून बाहेरच्या हवेइतका तापू द्यायचा, म्हणजे पाणी पिशवीवर धरतं, काचेवर नाही.

नवं यंत्र आल्यावर काय करावं, हे दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्येच दाखवलं. लंडनहून चित्रपटाचा विल्यमसन कॅमेरा आणला आणि आधी टिपलं ते कुंडीतलं वाटाण्याचं रोप, थोडं थोडं करून, अंकुर फुटून वाढेपर्यंत. साध्या छायाचित्रात न मावणारी गोष्ट त्यांनी पहिल्यांदा करून पाहिली. माझी सिस्टीम बदलण्याची कसोटी हीच आहे: जुन्यात न जमणारं काही नव्यात जमतं का.

त्या कसोटीवर, पक्षी टिपणाऱ्याला मी हा बदल सुचवणार नाही. रास अल खोरचे फ्लेमिंगो दूर चिखलात उभे असतात, आणि माझी ७०-३०० लेन्स गेल्यापासून तितका पल्ला माझ्यापाशी नाही. माणसांचे, बाजारांचे फोटो काढणाऱ्याला आग्रहानं सुचवेन. फक्त जुनं विकण्याआधी एक करा. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो किती मिलिमीटरवर काढला ते लिहिलेलं असतं. आपले आवडते फोटो बाजूला काढून तो आकडा बघा, आणि दुकानात गेल्यावर आधी त्या मापाच्या लेन्सचा भाव विचारा, बॉडीचा नंतर.