ताण नेमका कधीचा?

भुईमुगाच्या वाणांची दुष्काळाची परीक्षा आम्ही पावसाळ्यात घेत नाही. तेव्हा पेरलं की नेमका त्याच वर्षी पाऊस धो धो कोसळतो. म्हणून जानेवारीअखेर पेरायचं, पाणी आपल्या हातात ठेवायचं आणि ठरल्या दिवशी तोडायचं. तरी एका एप्रिलात अवकाळीनं गाठलंच. तीन महिन्यांचं काम एका रात्रीत भिजलं.

नवखा होतो तेव्हा मी हिरवेपणाला मार्क द्यायचो. बाकीची वाणं दुपारी पानं मिटून घेत, आणि एखादं मात्र तजेलदार उभं! काढणीला उपटलं तर निम्म्या आऱ्या हवेतच वाळलेल्या, शेंगा मोजक्या आणि त्याही पोचट. शेंगा तोडणाऱ्या मावशींनी एक अंगठ्यानं दाबून पाहिली. म्हणाल्या, "सायेब, पाला झ्याक झालाय. म्हशीला घालावा."

दोष झाडाचा नव्हता, माझ्या नजरेचा होता. भुईमुगाचं फूल वर, शेंग खाली. फुलातून आरी सुटते, वाकून जमिनीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग धरते. वरची दोन बोटं माती वाळून टणक झाली, तर मुळांना हातभर खाली ओल असूनही आरी आत जात नाही. त्यात शेंगेला लागणारं कॅल्शियम मुळांकडून फारसं पोचत नाही. ती ते टरफलातून थेट भोवतालच्या मातीतून घेते, आणि कोरड्या मातीतून ते येत नाही. आऱ्या सुटताना जिप्सम घालतात ते याचसाठी. पण ओल नसेल तर जिप्समही पडून राहतं.

म्हणून 'दुष्काळ सहन करणारं वाण' हा शब्दप्रयोग मला अर्धवट वाटतो. फुलोऱ्याआधी तीनेक आठवडे पाणी तोडून मग भरपूर दिलं, तर फुलं एकदम लागतात, शेंगा बरोबरीनं पिकतात आणि उत्पन्न कित्येकदा वाढतं. मृग बहारासाठी बाग ताणावर सोडणाऱ्या संत्रेवाल्याला यात नवल वाटणार नाही. तोच ताण ८० दिवसांनंतर, दाणे भरताना पडला तर वजन जातंच, वर शेंगेत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशी शिरते. पहिल्या ताणात अव्वल आलेलं वाण दुसऱ्यात तळाला गेलेलं मी पाहिलंय.

आता हाती उपकरणं आहेत. पान चिमटीत धरलं की हरितद्रव्याचा आकडा दाखवणारं स्पॅड मीटर आहे. जाड, गडद पानाचं वाण थेंबाथेंबावर जास्त कमावतं, हे खरं. पण कमावलेलं शेंगेत घालेलच असं नाही. काही वाणं काटकसरी असतात, काही नुसती कंजूष. त्यामुळे शेवटी मी तराजूकडेच जातो. चांगल्या भरलेल्या १०० ग्रॅम शेंगांतून ७० ग्रॅमच्या आसपास दाणे निघतात. ताणातही जे वाण या आकड्याजवळ टिकतं, ते माझं.

शेतकरीही असंच तोलून पाहतात. आंध्रातल्या अनंतपूरला १९४० सालचं टीएमव्ही २ हे वाण पिढ्यान्‌पिढ्या पेरलं जात होतं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेचं आयसीजीव्ही ९१११४ तिथे रुजलं ते शेतकऱ्यांनी स्वतःच्या रानात दोन्ही पेरून पाहिल्यावर.

तेव्हा दुकानात बियाणं घेताना "दुष्काळात तगतं का?" एवढंच विचारू नका. आपल्याकडे पाऊस कधी दडी मारतो ते आधी सांगा, मग वाण मागा. आणि पहिल्या वर्षी चारच ओळी पेरा, जुन्या वाणाच्या शेजारी.